मालक बदलतो, दुकान चालू राहते : मॅजेंटोच्या समुदाय-संस्थांचे विवेचन

३० जून २०२० रोजी ॲडोबी कंपनीने मॅजेंटो या ऑनलाइन दुकान-प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीचा आधार थांबवला. त्यानंतर त्या आवृत्तीत सुरक्षेची फट सापडली तर कंपनीकडून पॅच येणार नव्हता, आणि पीएचपी भाषा पुढे सरकली तर प्रणालीला तिच्याबरोबर नेण्याचे कामही कंपनी करणार नव्हती. जगभरातली हजारो दुकाने तेव्हा याच आवृत्तीवर चालत होती आणि १ जुलैला ती नेहमीसारखी उघडली. अडीच महिन्यांनी, सप्टेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी, त्यांपैकी सुमारे दोन हजार दुकानांच्या चेकआउट पानावर ग्राहकांच्या कार्डाचे तपशील चोरणारा कोड घुसवला गेल्याची नोंद सॅनसेक या डच सुरक्षा कंपनीने केली. त्याच काळात ओपनमेज नावाचा स्वयंसेवी डेव्हलपरांचा गट ती जुनी प्रणाली दुरुस्त करत होता, तिच्या नव्या आवृत्त्या काढत होता. पुढे त्याच्या आवृत्त्या पीएचपी ८ वरही चालू लागल्या.

कंपनीने सोडून दिलेली वस्तू परक्या माणसांनी उचलावी आणि चालती ठेवावी, याची कायदेशीर मुभा मुक्त स्रोत परवान्यात असतेच. पण मुभा सर्वांना असते आणि काम थोड्यांच्याच हातून होते. हा फरक कशाने पडतो, हे इथे तपासायचे आहे. माझे प्रतिपादन असे की परवान्याने हक्क मिळतो आणि तो हक्क वापरण्याची ताकद संस्थेतून येते. म्हणून समुदाय-संस्थेचे मोल तिच्या सभासदसंख्येवरून किंवा मेळाव्याच्या गर्दीवरून मोजता येत नाही. मूळ कंपनीने उद्या हात काढून घेतला तर संस्थेला स्वतःच्या बळावर नेमके काय चालू ठेवता येईल, या एका कसोटीवर ते मोजावे लागते. मॅजेंटो हे उदाहरण घेण्याचे कारण म्हणजे तिथे ही कसोटी प्रत्यक्षात एकदा नव्हे, अनेकदा लागली आहे.

चार मालक

मॅजेंटोचा जन्म लॉस एंजेलिसच्या व्हॅरियन या छोट्या कंपनीत झाला. रॉय रुबिन आणि योआव कुटनर हे तिचे संस्थापक. ग्राहकांना दुकाने बांधून देताना ते ओएसकॉमर्स ही त्या काळची मुक्त प्रणाली वापरत. तिचीच सुधारलेली शाखा काढावी असा आधी विचार होता. पण तिची रचना पुरी पडेना, तेव्हा त्यांनी झेंड फ्रेमवर्कच्या आधारे सगळे नव्याने लिहायला घेतले. ऑगस्ट २००७ मध्ये पहिली बीटा आवृत्ती बाहेर आली आणि मार्च २००८ मध्ये १.० आली.

तिच्यात त्या काळी दुर्मीळ असलेली एक सोय होती. एकाच प्रणालीतून अनेक वेबसाइट, प्रत्येक वेबसाइटखाली अनेक दुकाने आणि प्रत्येक दुकानाची वेगवेगळ्या भाषांतली रूपे चालवता येत. युरोपातल्या व्यापाऱ्याला एकाच गोदामातला माल जर्मन, फ्रेंच आणि डच ग्राहकाला त्याच्या त्याच्या भाषेत विकता येऊ लागला. मॅजेंटोचा समुदाय अमेरिकेपेक्षा युरोपात अधिक घट्ट का झाला, याचे बरेचसे उत्तर या रचनेत आहे असे मला वाटते.

या रचनेची किंमतही होती. मॅजेंटोत वस्तूचा प्रत्येक गुणधर्म, म्हणजे रंग, माप, वजन, किंमत, डेटाबेसच्या वेगवेगळ्या तक्त्यांत विखुरलेला असतो. त्यामुळे दुकानदाराला हवा तो नवा गुणधर्म सहज जोडता येतो, पण एक साधी यादी दाखवायलाही अनेक तक्ते जोडावे लागतात आणि इंडेक्सची वेगळी यंत्रणा सांभाळावी लागते. प्रणाली अंगवळणी पडायला डेव्हलपरला वर्षे लागतात. हे ज्ञान कागदपत्रांत पूर्ण उतरत नाही. ते माणसांत राहते आणि माणसे एकमेकांना भेटली तरच पसरते. समुदायाची गरज मॅजेंटोत अशी पहिल्या दिवसापासून, रचनेतूनच निर्माण झाली होती.

२०११ मध्ये ईबेने मॅजेंटो विकत घेतली. नोव्हेंबर २०१५ मध्ये ती ईबेतून बाहेर पडून पर्मिरा या गुंतवणूक संस्थेच्या निधीकडे गेली आणि त्याच महिन्यात मॅजेंटो २ आली. २०१८ मध्ये ॲडोबीने ती १.६८ अब्ज डॉलरला घेतली. १.० नंतरच्या दहा वर्षांत चार मालक झाले. प्रत्येक मालकाचे हेतू वेगळे होते: व्हॅरियनला दुकाने बांधण्याचा व्यवसाय वाढवायचा होता, ईबेला व्यापाऱ्यांना आपल्या सेवांभोवती गोळा करायचे होते, निधीला किंमत वाढवून विकायचे होते, आणि ॲडोबीला आपल्या जाहिरात-विपणनाच्या संचात खरेदीचा दुवा हवा होता. यांपैकी एकही हेतू लबाडीचा नाही. पण लाइपझिगच्या किंवा ॲमस्टरडॅमच्या मध्यम दुकानदाराला दहा-पंधरा वर्षे टिकणारी प्रणाली हवी असते आणि ती गरज या चौघांपैकी कोणाच्याही केंद्रस्थानी नव्हती.

त्यातही मॅजेंटो २ चा घाव मोठा होता. पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेली थीम आणि मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीत चालत नव्हती, सगळे पुन्हा लिहावे लागणार होते. त्याला नाव ‘अपग्रेड’ असले तरी दुकानदाराच्या दृष्टीने तो नव्या दुकानाचा खर्च होता. पहिल्या आवृत्तीचा आधार आधी २०१८ मध्ये संपेल असे मानले जात होते. तो २०२० पर्यंत वाढवावा लागला याचे कारण हेच.

परवाना कुठपर्यंत पोचतो

मॅजेंटोचा कोड ओपन सॉफ्टवेअर लायसन्स ३.० या परवान्याखाली आहे. लॉरेन्स रोझेन या अमेरिकी वकिलाने तो लिहिला. कोड वाचा, बदला, वाटा, विका. मात्र बदललेली आवृत्ती वाटताना ती याच परवान्याखाली वाटा, हा त्याचा गाभा. शिवाय बदललेली प्रणाली आपल्या सर्व्हरवर चालवून इतरांना वापरायला दिली, तर तेही वाटणेच मानले जाते.

इथे एक विषमता आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. मॅजेंटोच्या मुख्य कोडमध्ये बाहेरचा डेव्हलपर सुधारणा पाठवतो तेव्हा त्याला कंपनीबरोबरच्या करारावर सही करावी लागते. त्या करारामुळे कंपनीला ती सुधारणा आपल्या पैसे देऊन घ्यायच्या बंद आवृत्तीतही वापरता येते. अशी विकाऊ आवृत्ती २००९ पासून आहे आणि आज ती ॲडोबी कॉमर्स या नावाने विकली जाते. बाकी कोणालाही हा कोड असा बंद करता येत नाही. म्हणजे स्वयंसेवकाचे श्रम दोन्हीकडे जातात आणि विक्रीचा हक्क एकाकडेच राहतो. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटत नाही, पण ती सशर्त आहे. कंपनी जोवर मुक्त आवृत्तीत स्वतःचे भरघोस काम घालते तोवर देवाणघेवाण बरोबरीची राहते. ते काम आटले की समुदायाने थांबून हिशेब मागणे रास्त ठरते.

आता परवान्यात काय नाही ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे बसवण्याचा मार्ग. मॅजेंटो २ चा कोड गिटहबवर सर्वांना दिसतो. पण दुकान उभारताना डेव्हलपर तो कोड तिथून उचलत नाही. कंपोझर हे साधन वापरून तयार पॅकेज उतरवून घेतो, आणि ती पॅकेज ज्या अधिकृत सर्व्हरवर ठेवलेली असतात तो ॲडोबीचा आहे. त्यासाठी कंपनीकडे खाते काढून किल्ल्या घ्याव्या लागतात. दुसरी गोष्ट सुरक्षेच्या बातमीची. फट सापडल्याचे कंपनीला आधी कळते आणि जगाला पॅचबरोबर कळते. तिसरी गोष्ट नाव. ‘मॅजेंटो’ हे चिन्ह कंपनीच्या मालकीचे आहे. शाखा काढणाऱ्याला कोड नेता येतो, नाव नेता येत नाही. म्हणून ओपनमेज, मेज-ओएस अशी नावे घ्यावी लागतात आणि नव्या ग्राहकाला ती ओळखीची नसतात. चौथी गोष्ट माणसांचा वेळ, ज्याबद्दल कोणताही परवाना काही बोलू शकत नाही.

या चारांपैकी बसवण्याच्या मार्गाकडे सगळ्यात कमी लक्ष जाते आणि माझ्या मते तोच सगळ्यात निर्णायक आहे. याचा धडा मॅजेंटोबाहेर मिळाला. वूकॉमर्स ही दुकान-प्रणाली वर्डप्रेसवर चालते. वर्डप्रेसचे नाव सांभाळणारे प्रतिष्ठान २०१० पासून आहे, परवाना जीपीएल आहे, समुदाय प्रचंड आहे. तरी सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलनवेग यांचा डब्ल्यूपी एंजिन या होस्टिंग कंपनीशी वाद पेटला तेव्हा तिचा आणि तिच्याकडच्या साइटींचा वर्डप्रेस डॉट ऑर्गवरच्या प्लगइन-अपडेटचा मार्ग बंद करण्यात आला. तो सर्व्हर प्रतिष्ठानाच्या ताब्यात नव्हताच. मलनवेग यांच्या वैयक्तिक ताब्यात तो होता. डिसेंबरमध्ये अमेरिकी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन प्रवेश पुन्हा सुरू करायला लावला. पुढच्या वर्षी, जून २०२५ मध्ये, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली फेअर नावाचा पर्यायी वितरण-प्रकल्प उभा राहिला. कोड शंभर टक्के मुक्त असूनही त्या साइटी चालवणाऱ्यांना सुरक्षा-अपडेटसाठी दुसऱ्याच दोघांच्या भांडणाच्या निकालाकडे पाहावे लागले.

भेटणाऱ्या, बांधणाऱ्या आणि वारसा घेणाऱ्या संस्था

मॅजेंटोभोवती उभ्या राहिलेल्या संस्था त्या कसोटीवर लावून पाहिल्या की त्यांच्यातले फरक स्पष्ट होतात.

पहिला प्रकार मेळाव्यांचा. २००९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला मीट मॅजेंटो हा मेळावा सुरू झाला आणि तिथून तो देशोदेशी गेला. आयोजकांची संघटना झाली, आणि ॲडोबीच्या काळात तिच्यातूनच मॅजेंटो असोसिएशन ही ना-नफा संस्था उभी राहिली. मेळावे हलके लेखू नयेत. ज्ञान माणसांत साठलेले असते असे वर म्हटले, ते एका माणसातून दुसऱ्यात जाते ते इथेच. नोकऱ्या, भागीदाऱ्या, मैत्र्या इथे जुळतात. पण अशा संस्थेला मालकाचे नाव वापरायचे असते, म्हणून मालकाशी सलोखा ठेवावा लागतो. ती समुदायाचे म्हणणे कंपनीपर्यंत नेऊ शकते. कंपनीने ऐकले नाही तर तिच्या हाती पुढची चाल नसते.

दुसरा प्रकार मला स्वतःला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो, आणि त्याचे उदाहरण म्हणजे जर्मनीतली फायरजेंटो ही संस्था. जर्मन कायदा ऑनलाइन दुकानदाराकडून फार बारीक गोष्टी मागतो. दुकानाच्या मालकाची पूर्ण माहिती द्यावी लागते, माल परत करण्याच्या हक्काची सूचना ठरावीक पद्धतीने द्यावी लागते, किलोमागे किंवा लिटरमागे किंमत दाखवावी लागते. १ ऑगस्ट २०१२ पासून तर ऑर्डरच्या शेवटच्या बटणावर ‘पैसे देण्याच्या बंधनासह’ अशा अर्थाचे स्पष्ट शब्द लिहिणे सक्तीचे झाले. यात चूक झाली की प्रतिस्पर्ध्याच्या वकिलाची नोटीस येते आणि तिचा खर्च चूक करणाऱ्यावर पडतो. लॉस एंजेलिसमध्ये लिहिलेल्या प्रणालीत यातले काहीच तयार नव्हते.

प्रत्येक जर्मन एजन्सी हे काम आपापल्या ग्राहकासाठी स्वतंत्रपणे करत बसली असती तर तेच काम शेकडो वेळा झाले असते आणि शेकडो ठिकाणी वेगवेगळे चुकले असते. डेव्हलपर हॅकेथॉनला जमले, जर्मन नियमांचे एक सामायिक मॉड्यूल लिहिले आणि ते सर्वांना मोकळे ठेवले. पुढे तेच मॉड्यूल मेजसेटअप या नावाने इतर देशांसाठीही वापरता येईल असे केले गेले. या गटाने नोंदणीकृत संस्थेचे रूप घेतले. जर्मनीत त्यासाठी किमान सात सभासद लागतात, फार काही लागत नाही.

फायरजेंटोचे दुसरे काम अधिक दूरदृष्टीचे होते. मॅजेंटो १ मध्ये कंपोझरची सोय नव्हती. मॉड्यूल हाताने सर्व्हरवर टाकण्याची पद्धत होती आणि कोणत्या दुकानात कोणत्या मॉड्यूलची कोणती आवृत्ती आहे याचा पत्ता लागत नसे. फायरजेंटोने समुदायाच्या मॉड्यूलांसाठी स्वतःची कंपोझर रिपॉझिटरी चालवली. मॅजेंटो २ आली तेव्हा कंपनीने कंपोझर हीच अधिकृत पद्धत केली. समुदायाने आधी पाडलेली वाट पुढे कंपनीची वाट झाली. अशा संस्थेला कंपनीच्या विरोधात उभे राहावे लागत नाही. ती कंपनीच्या पुढे चार पावले चालते आणि तिचे म्हणणे कामातूनच ऐकले जाते.

तिसरा प्रकार वारसा घेणाऱ्यांचा. ओपनमेजचा उल्लेख सुरुवातीला आला. त्यांनी घेतलेली जबाबदारी मर्यादित आणि म्हणूनच पेलणारी आहे: जुनी प्रणाली सुरक्षित ठेवणे, नव्या पीएचपीवर चालवणे, लहानमोठ्या चुका काढणे. जर्मनीत मेज-वन या कंपनीने हेच पॅच पैसे घेऊन विकण्याचा मार्ग धरला. म्हणजे एकाच सोडलेल्या वस्तूला एक सार्वजनिक आणि एक खासगी वारस मिळाला. पुढे ओपनमेजमधूनच माहो नावाची आणखी एक शाखा निघाली, तिला जुनेपण सांभाळण्यापेक्षा बदल अधिक वेगाने हवे होते. शाखेतून शाखा फुटणे याला मी समुदायाचे अपयश मानत नाही. एकाच घरात दोन वेगळे हेतू कोंबून ठेवण्यापेक्षा ते बरे. मात्र प्रत्येक फुटीबरोबर तपासणारे डोळे विभागले जातात, हा तोटा खराच.

मेज-ओएस या शाखेची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे मालकाने सोडून देण्याची वाट पाहिली गेली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये युरोपातल्या काही नामांकित मॅजेंटो डेव्हलपरांनी आणि व्यावसायिकांनी एक खुले पत्र प्रसिद्ध केले. ॲडोबीचा कल मोठ्या उद्योगांकडे आणि स्वतःच्या क्लाउड सेवांकडे आहे, एकसंध मुक्त प्रणालीवर जगणाऱ्या लहान-मध्यम दुकानदारांचे पुढे काय, असा त्याचा आशय होता. त्याखाली हजारांहून अधिक सह्या झाल्या. पत्रे निघतात आणि विरतात. हे पत्र विरले नाही, कारण लिहिणाऱ्यांनी पहिल्यांदा हात घातला तो पॅकेजच्या मार्गाला.

त्यांनी अधिकृत पॅकेजांचा स्वतःचा आरसा-सर्व्हर उभा केला. तिथून कोणत्याही किल्लीशिवाय मॅजेंटो ओपन सोर्स बसवता येते. गिटहबवरच्या कच्च्या कोडमधून पूर्ण पॅकेज तयार करणारे साधन त्यांनी लिहिले आणि तेही मोकळे ठेवले. बाहेरून पाहणाऱ्याला हे रुक्ष काम वाटेल. पण कोड असणे आणि त्या कोडची आवृत्ती काढता येणे यांत मोठे अंतर असते. आवृत्ती काढण्याची रीत आतापर्यंत एका कंपनीच्या आतल्या यंत्रणेत बंद होती. ती बाहेर येताच मॅजेंटो २ ची शाखा काढण्याचा हक्क पहिल्यांदा वापरण्याजोगा झाला. त्यानंतर मेज-ओएसने स्वतःची आवृत्ती काढली, आणि ती मॅजेंटोच्या मॉड्यूलांशी पूर्ण जुळती ठेवण्याचे धोरण धरले. दुकानदाराला आज मेज-ओएसवर यायला आणि उद्या परत जायला फारसा खर्च येत नाही. निघून जाण्याची वाट खरोखर चालण्याजोगी असली की आत राहणाऱ्यांचेही म्हणणे गांभीर्याने घेतले जाते.

सुरक्षेची बातमी

इथे समुदाय-संस्थांची बाजू अजून कच्ची आहे, आणि ते मोकळेपणाने मांडले पाहिजे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅजेंटोने ‘शॉपलिफ्ट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या फटीचा पॅच काढला. एप्रिलमध्ये चेक पॉइंट कंपनीने फटीचा तपशील जाहीर केला आणि हल्ले सुरू झाले. पॅच दोन महिने आधीच हाती असूनही असंख्य दुकानांनी तो लावलेला नव्हता. तेव्हा नेदरलँड्समधल्या बाइट या होस्टिंग कंपनीने मेजरिपोर्ट ही सोय मोफत दिली. दुकानाचा पत्ता टाकला की कोणते पॅच राहिले आहेत ते ती दाखवते. पॅच लिहिण्याइतकेच तो लागला आहे का हे पाहणे महत्त्वाचे, ही जाण त्या साध्या सोयीने पसरवली.

जून २०२४ मधल्या ‘कॉस्मिकस्टिंग’ने प्रश्न आणखी अवघड केला. त्या फटीतून हल्लेखोराला दुकानाच्या सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत आणि त्यांत दुकानाची गुप्त किल्ली असे. एकदा ती किल्ली बाहेर गेली की नंतर पॅच लावूनही भागत नाही, किल्ली बदलावी लागते. हे बारकाव्याचे काम प्रत्येक लहान दुकानदाराला कोण समजावणार? इथे होस्टिंग कंपन्या, सॅनसेकसारखे तज्ज्ञ आणि समुदायातले डेव्हलपर यांनी मिळून दुकानदारांपर्यंत माहिती पोचवली. पण फट कळण्याचा क्षण अजूनही कंपनीच्याच हाती असतो. पॅच जाहीर होताच हल्लेखोर तो उलगडून वाचतात, आणि शाखेच्या देखभालकर्त्यांनाही त्याच क्षणी धावायला लागते. स्वतःची आवृत्ती काढता येणाऱ्या संस्थेने आता मागायची गोष्ट एकच: विश्वासू देखभालकर्त्यांना गुप्ततेच्या अटीवर आगाऊ सूचना. लिनक्सच्या जगात वेगवेगळ्या वितरणांना अशी सूचना देण्याची रीत रुळलेली आहे, तेव्हा ही मागणी अवास्तव नाही.

शेजारच्या प्रेस्टाशॉप या फ्रेंच प्रणालीत फ्रेंड्स ऑफ प्रेस्टा या संस्थेने वेगळी बाजू धरली. मूळ प्रणालीपेक्षा बाहेरच्या विक्रेत्यांच्या मॉड्यूलांत फटी अधिक असतात हे ओळखून ती मॉड्यूलांतल्या फटींच्या सूचना पद्धतशीरपणे प्रसिद्ध करते. विक्रेत्यांना हे नेहमी आवडत नसणार, आणि म्हणूनच ते काम एखाद्या विक्रेत्याकडे नसून संस्थेकडे असणे बरे.

वेळ कोण देतो

स्वयंसेवक या शब्दाने थोडी फसवणूक होते. मॅजेंटोत काम करणारे बहुतेक स्वयंसेवक एजन्सीत पगारावर असतात, आणि त्यांचा वेळ म्हणजे मालकाने सोडलेले बिलाचे तास असतात. एजन्सी ते का सोडते? कारण तिच्या ग्राहकाचे दुकान त्याच कोडवर चालते. २०१८ च्या अखेरीस मॅजेंटो २.३ मध्ये अनेक गोदामांतला साठा एकत्र सांभाळण्याची सोय आली, ती मोठ्या प्रमाणावर समुदायातल्या डेव्हलपरांनी कंपनीच्या मार्गदर्शनाखाली बांधली होती. गोदामे अनेक असलेले ग्राहक ज्यांच्याकडे होते त्यांनी आपली माणसे दिली. हितसंबंध उघड होता, आणि उघड होता म्हणूनच काम पुरे झाले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण स्प्री या रुबी भाषेतल्या दुकान-प्रणालीचे. २०१५ मध्ये फर्स्ट डेटा या कंपनीने स्प्री कॉमर्स कंपनी घेतली आणि मुक्त प्रणालीमागचे बळ एकदम निघून गेले. तिच्यावर दुकान चालवणारी बोनोबोज ही कपड्यांची कंपनी आणि स्टेमबोल्ट ही एजन्सी यांनी सॉलिडस ही शाखा काढली. मूळ स्प्रीची देखभाल पोलंडच्या स्पार्क सोल्यूशन्सने आणि दिल्लीच्या विनसोलने अंगावर घेतली. दोन्ही ठिकाणी धावून आले ते ज्यांचे पोट त्या कोडवर अवलंबून होते ते. संस्थेचे काम अशा हितसंबंधांना एकत्र बांधणे आणि त्यांतला एकच डोईजड होऊ न देणे, हे आहे. या बाबतीत ओडू या व्यवसाय-प्रणालीच्या समुदाय-संघटनेचा नियम मला आदर्श वाटतो: दोघांनी तपासून मान्यता दिल्याशिवाय आणि इतरांना पाहायला काही दिवस दिल्याशिवाय बदल स्वीकारायचा नाही, मग तो कोणत्याही कंपनीच्या माणसाने पाठवलेला असो.

भारतातली रिकामी जागा

भारतात मॅजेंटोचे काम कमी नाही. अहमदाबादला मीट मॅजेंटो इंडिया भरली आहे, गुजरातेत मॅजेंटो एजन्स्यांची दाटी आहे, नोएडाच्या वेबकुलसारख्या कंपन्या जगभर मॉड्यूल विकतात, पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांत परदेशी ग्राहकांची मॅजेंटो दुकाने सांभाळणारी मराठी मुलेमुली आहेत. संघटित होण्याची सवयही आहे. वर्डप्रेसचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनीच केले आहे आणि पुणे, मुंबई, नाशिकला वर्डकॅम्प भरले आहेत. तरी आपल्याकडचे बहुतेक काम पहिल्या प्रकारात, भेटण्याच्या प्रकारात, मोडते किंवा थेट विक्रीत. बांधणाऱ्या संस्थेची, फायरजेंटोच्या जातीच्या संस्थेची, गरज इथे जर्मनीपेक्षा कमी नाही, अधिकच आहे.

जीएसटी घ्या. कोल्हापूरच्या दुकानदाराने चपला सांगलीला पाठवल्या तर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो, बेळगावला पाठवल्या तर आयजीएसटी. हे मॅजेंटोच्या करनियमांत राज्यवार बसवता येते. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून पादत्राणांना आणि कपड्यांना अडीच हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के असा दर झाला, आणि तो प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर ठरतो. सव्वीसशेची चप्पल सवलतीच्या कूपनने चोवीसशेला गेली की तिचा करदरच बदलतो. मॅजेंटोत करवर्ग वस्तूला चिकटवलेला असतो, कूपननंतरच्या किमतीला नाही. म्हणजे हे गणित मॉड्यूलमध्ये वेगळे लिहावे लागते: आधी सवलत, मग दर, मग कर, आणि परतीच्या वेळी नेमके याच्या उलट क्रमाने.

हे गणित आज वेगवेगळे विक्रेते आपापल्या मॉड्यूलांत लिहितात आणि प्रत्येक दुकानदार त्यांतले एखादे विकत घेतो. त्यातले कोणते बरोबर आहे, हे त्याला पहिल्या नोटिशीपर्यंत कळण्याची सोय नाही. करनियम ही काही स्पर्धेची वस्तू नव्हे. त्यांत कोणाचे उत्तर वेगळे असण्याला अर्थच नाही. म्हणून ते एकदाच, सर्वांसमोर, चाचण्यांसह लिहिले जावे, चार्टर्ड अकाउंटंटने तपासावे, आणि जीएसटी परिषदेने दर बदलले की अंमलाच्या तारखेआधी त्याची नवी आवृत्ती कोणालाही कुठल्या किल्लीविना उतरवून घेता यावी. विक्रेत्यांना विकायला त्यावरच्या सोयी उरतातच: बिलांचे नमुने, विवरणपत्रांची जुळणी, कुरियरशी जोडणी. संस्था नोंदवायला आपल्याकडच्या १८६० च्या कायद्यानेही सातच माणसे लागतात, आणि मॅजेंटो, मेज-ओएस, वूकॉमर्स या तिन्हींवर काम करणारी तशी सात माणसे एकट्या पुण्यात सहज भेटतील.